एक तार, दोन संदेश

आता गावोगाव घरांच्या छपरांवर दूरदर्शनच्या छत्र्या दिसतात. त्या छत्रीपासून घरातल्या पेटीपर्यंत एकच काळी केबल आलेली असते. या केबलीतून चित्र आणि आवाज खाली येतात, हे आपण जाणतोच. पण छत्रीच्या तोंडाशी जे छोटे यंत्र बसवलेले असते, त्याला चालायला वीज लागते. ती कोठून येते? छपरावर वेगळी तार तर नेलेली नसते. ती वीज त्याच केबलीतून वर जाते. म्हणजे एकाच वाटेने एक वस्तू वर चढते आहे, दुसरी खाली उतरते आहे, आणि दोघींची टक्कर होत नाही.

ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण एका तारेवरून दोन संदेश नेण्याची युक्ती साधायला शहाण्या माणसांची बरीच वर्षे खर्ची पडली. मी इतिहासाचा माणूस, विद्युत्शास्त्राचा नव्हे. म्हणून यंत्राची कलाकुसर सांगण्याऐवजी, ही युक्ती कोणाला, कोणत्या गरजेपोटी सुचली आणि शेवटी ती हौशी रेडिओवाल्यांच्या हाती कशी आली, एवढेच आज सांगणार आहे. या साऱ्या इतिहासात एक सूत्र आहे, ते आधीच सांगून टाकतो. दोघांना एका वाटेवर आणणे सोपे असते. अवघड असते ते दोघांना पुन्हा वेगळे करणे, आणि त्याहूनही अवघड म्हणजे स्वतः मोठ्याने बोलत असताना समोरच्याचे हळू बोलणे ऐकणे.

सुरुवात तारायंत्रापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही तारांचे जाळे पसरू लागले होते. मुंबई आणि कलकत्ता ही शहरे आग्र्यामार्गे तारेने जोडली गेली, आणि १८५५ साली आपल्या देशात तारेची सोय सर्वसामान्य लोकांना खुली झाली. अशी तार म्हणजे शेकडो कोसांचे खांब, त्यांवरच्या चिनी मातीच्या वाट्या, आणि मैलोगणती धातूची तार. एवढा खर्च करून तारेवर एका वेळी एकच संदेश जाई. मुंबईचा तारमास्तर बोलत असला की पलीकडच्याने मुकाट्याने ऐकायचे, आणि त्याची पाळी आली की याने गप्प बसायचे. एकपदरी रेल्वेमार्गासारखीच ही स्थिती होती. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी स्टेशनात थोपवून धरायची.

व्यापार वाढला तशा तारांच्या थप्प्या साचू लागल्या. मग उपाय दोनच उरले. एक तर शेजारी दुसरी तार ओढायची, नाही तर आहे त्याच तारेकडून दुप्पट काम करून घ्यायचे. दुसऱ्या उपायात पैसा वाचणार होता, म्हणून हुशार माणसे त्याच्या मागे लागली.

ऑस्ट्रियात तारखात्यातील अधिकारी यूलिउस विल्हेल्म गिंटल यांनी १८५३ साली व्हिएन्ना आणि प्राग या शहरांमधल्या तारेवर पहिला प्रयोग केला. दोन्ही टोकांनी एकाच वेळी संदेश पाठवायचा. तारेला त्यात काही अडचण नव्हती. अडचण होती ती प्रत्येक टोकाच्या ऐकण्याच्या यंत्राची. स्वतःचा प्रवाह आधी त्याच्यातूनच जाई, त्यामुळे ते आपलेच टकटक ऐकत बसे आणि दुरून आलेला क्षीण प्रवाह त्यात बुडून जाई. गिंटल यांनी दुसरी बॅटरी लावून आपल्या प्रवाहाचा परिणाम उलट्या प्रवाहाने पुसून टाकण्याची तजवीज केली. कल्पना उत्तम होती. पण दोन्ही बॅटऱ्यांची बटणे अगदी एका क्षणी दाबली जायला हवीत, आणि ते रोजच्या कामात नीट जमेना.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, जर्मनीतल्या हॅनोवर राज्यातील कार्ल फ्रिशेन यांनी अधिक सोपी रीत काढली. ती समजायला वाण्याच्या दुकानातला तराजू डोळ्यांपुढे आणा. ऐकण्याच्या यंत्रात दोन वेटोळी बसवलेली आहेत, ती जणू तराजूची दोन पारडी. आपण बटण दाबले की आपला प्रवाह दोन सारख्या वाटांनी फुटतो. अर्धा एका वेटोळ्यातून खऱ्या तारेवर जातो, अर्धा दुसऱ्या वेटोळ्यातून एका खोट्या तारेत जातो. ही खोटी तार म्हणजे तिथेच टेबलावर ठेवलेली विजेची अडसर, खऱ्या तारेच्या तोडीची. दोन्ही पारड्यांत सारखेच वजन पडले, म्हणून काटा हलत नाही. आपले यंत्र आपल्या बोलण्याला बहिरे राहते. पण समोरून आलेला प्रवाह एकाच पारड्यात पडतो, आणि काटा लगेच झुकतो.

तराजूची पारडी मुळात सारखी नसतील तर वाणी हलक्या बाजूला पासंग लावतो. इथेही नेमकी तीच गरज पडली. लांबलचक तार केवळ प्रवाहाला अडवत नाही, ती थोडी वीज आपल्यात साठवूनही ठेवते आणि मग सोडते. खोट्या तारेत हा गुण नव्हता, म्हणून प्रत्येक टकटकीच्या आरंभी आणि शेवटी काटा थरथरे. अमेरिकेतील बोस्टन शहराचे जोसेफ स्टर्न्स यांनी खोट्या तारेला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे साधन, जोडून हा पासंग नेमका साधला. १८७२ साली त्यांची पद्धत वेस्टर्न युनियन या मोठ्या तार कंपनीने उचलली. गिंटल यांच्या प्रयोगापासून पासंग लागेपर्यंत एकोणीस वर्षे गेली.

ही बातमी ऐकून थॉमस एडिसन स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्यांनी १८७४ मध्ये एका तारेवर चार संदेश नेऊन दाखवले, दोन इकडून आणि दोन तिकडून. एका बाजूचे दोन संदेश वेगळे कसे ठेवायचे? एडिसन यांनी एक संदेश प्रवाहाच्या दिशेत घातला आणि दुसरा प्रवाहाच्या जोरात. एक यंत्र फक्त प्रवाह सुलटा आहे की उलटा हे पाही, दुसरे फक्त तो मंद आहे की जोरदार हे पाही. नव्या तारा न ओढता तार कंपनीचे काम अनेक पटींनी वाढले. साहजिकच या शोधाच्या मालकीसाठी भांडण जुंपले. वेस्टर्न युनियनच्या पैशावर प्रयोग केलेल्या एडिसन यांनी आपले हक्क प्रतिस्पर्धी जे गूल्ड यांना ३०,००० डॉलरना विकले, आणि मग वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली. खांब आणि तार वाचवण्याच्या युक्तीला केवढी किंमत होती, ते यावरून दिसते.

त्याच काळात अलेक्झांडर ग्रॅहम बेल वेगळ्या वाटेने चालले होते. निरनिराळ्या सुरांच्या पट्ट्या तारेच्या दोन्ही टोकांना बसवायच्या. एका टोकाला 'सा'ची पट्टी हलली की दुसऱ्या टोकाची 'सा'चीच पट्टी हलेल, 'ग'ची हलणार नाही. असे अनेक संदेश अनेक सुरांवर स्वार होऊन एका तारेने जातील, ही त्यांची कल्पना. या प्रयोगांत २ जून १८७५ रोजी एक पट्टी अडकली, आणि तिच्या झंकारातून बेल यांना माणसाचा आवाजच तारेतून नेण्याची दिशा सापडली. पुढच्या वर्षी टेलिफोन झाला. बेल यांच्या त्या प्रसिद्ध पेटंटाचे नाव 'तारायंत्रातील सुधारणा' असेच आहे. निघाले होते एका तारेवर अनेक संदेश बसवायला, आणि हाती लागला टेलिफोन.

बेल यांची मूळ कल्पना मात्र वाया गेली नाही. अमेरिकी सैन्यातील जॉर्ज स्क्वायर यांनी १९१० साली टेलिफोनच्या तारेवर बिनतारी लहरींसारख्या वेगवान कंपनांचे वाहन करून त्यावर बोलणे नेऊन दाखवले. आता प्रश्न चाळणीचा होता. तारेच्या टोकाशी सगळी कंपने एकत्र येणार. त्यांतली आपली कोणती, परकी कोणती, हे निवडायचे कोणी? हे काम करणारी विजेची चाळणी अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल यांनी आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १९१५ च्या सुमारास तयार केली. या चाळणीचे मर्म दोन साध्या वस्तूंत आहे. तारेच्या वेटोळ्यातून सावकाश उलटसुलट होणारा प्रवाह सहज जातो आणि भराभर उलटणारा अडखळतो. कंडेन्सरचा स्वभाव नेमका विरुद्ध. या दोघांची योग्य जोडणी केली की संथ कंपनांना एक दार आणि जलद कंपनांना दुसरे दार करता येते. शेतात पाटाचे पाणी दारे धरून या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतात ना, तसेच. फरक इतकाच की इथे दारावर माणूस उभा नसतो, पाणीच आपापले दार ओळखते.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. दोन खिळ्यांमध्ये एक दोरी आडवी, थोडी सैल बांधा. तिला चार दोऱ्यांनी चार सारखे खडे टांगा. दोन दोऱ्या एक-एक वीत लांबीच्या आणि दोन एक-एक हात लांबीच्या ठेवा. आता वीतभर दोरीचा एक खडा झुलवा. थोड्या वेळाने दुसऱ्या वीतभर दोरीचा खडा आपोआप झुलू लागेल आणि हातभर दोऱ्यांचे खडे नुसते थरथरत राहतील. हातभर दोरीचा खडा झुलवला तर तिचीच जोडीदार जागी होईल. आडवी दोरी सर्वांची एकच आहे, पण प्रत्येकाचा निरोप आपल्या सोबत्यालाच पोचतो. पुढे जे सांगणार आहे ते सारे या चार खड्यांत आले.

आता तारेवरून बिनतारीकडे वळू. बिनतारी यंत्रात संदेश हवेतून जातो खरा, पण यंत्रापासून उंचावरच्या एरियलपर्यंत केबल लागतेच. आणि इथे जुनाच पेच पुन्हा उभा राहिला, तोही फार उग्र रूपात. प्रक्षेपक एरियलकडे जोरदार शक्ती पाठवणार आणि ग्राहक यंत्र त्याच एरियलवरून आलेली कणभर शक्ती टिपणार. दोघे एकाच एरियलला जोडले तर ग्राहक यंत्र जळून जायचे. म्हणून सुरुवातीच्या काळी पलटीचा खटका असे. बोलायचे तेव्हा खटका एकीकडे, ऐकायचे तेव्हा दुसरीकडे. बोलणे संपल्यावर 'ओव्हर' म्हणण्याची चाल त्यातूनच आली.

रडारला ही चाल परवडणारी नव्हती. रडार सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरती एक आरोळी देते आणि लगेच तिचा प्रतिध्वनी ऐकू पाहते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने किनाऱ्यावर उभारलेल्या रडार ठाण्यांत बोलण्याचे मनोरे वेगळे आणि ऐकण्याचे वेगळे होते. जमिनीवर हे चालले, जहाजावर एवढी जागा कोठून आणायची? अमेरिकेच्या नौदल संशोधन शाळेत रॉबर्ट पेज आणि लिओ यंग यांनी १९३६ साली यावर तोड काढली. ग्राहक यंत्राच्या वाटेवर अशी रचना ठेवायची की मोठी आरोळी येताच तिच्याच जोराने ती वाट बंद होईल. आरोळी संपली की वाट पुन्हा उघडते आणि क्षीण प्रतिध्वनी सुखाने आत येतो. या साधनाला 'डुप्लेक्सर' हे नाव मिळाले. १९३७ च्या एप्रिलमध्ये लिअरी नावाच्या युद्धनौकेवर एका एरियलच्या रडारची चाचणीही झाली. इथे बोलणे आणि ऐकणे खरोखर एकाच क्षणी होत नव्हते. दार इतक्या चपळाईने बंद-उघड होत होते, एवढेच.

खरी कसोटी पुढे लागली, आणि ती हौशी रेडिओवाल्यांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. यांना जगभर 'हॅम' म्हणतात. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने बिनतारी यंत्र चालवणारी ही माणसे. त्यांना या संभाषणाचा मोबदला घेता येत नाही. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी दिल्या, कारण त्या लहरी निरुपयोगी आहेत अशी त्या वेळी समजूत होती. त्या पडीक रानातच या मंडळींनी पीक काढले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील आणि फ्रान्समधील हौशी चालकांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अटलांटिक महासागरापलीकडे आपसांत संभाषण केले. आपल्या देशात १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून या छंदाची सुरुवात मानतात.

अशा माणसाच्या घरी काय असते? एक छप्पर, एक खांब आणि बेताचा पैसा. आज तो बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. एका पट्टीची लहर सेकंदाला सुमारे साडेचौदा कोटी वेळा कंप पावते, दुसरीची सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वेळा. त्यासाठी छपरावर दोन एरियल आणि दोन केबली नेणे आले. केबल म्हणजे नुसती दोरी नव्हे. तिच्यात शक्ती गळते. साडेत्रेचाळीस कोटींच्या लहरीला बारीक केबलीतून ३० मीटर नेले तर वर जेमतेम दहावा हिस्सा पोचतो, आणि बोटाएवढ्या जाड केबलीतून नेले तर तिसरा हिस्सा. पण जाड केबल महाग. तेव्हा दोन बारीक केबली घ्यायच्या की एक जाड? शहाणा हॅम एक जाड केबल घेतो आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी पेटी बसवतो. या पेटीलाही तो डुप्लेक्सरच म्हणतो. तिच्यात वेटोळी आणि कंडेन्सर यांच्या त्याच दोन चाळण्या असतात, कॅम्पबेल आणि वाग्नर यांच्या. खालची पेटी दोन यंत्रांच्या लहरी केबलीत एकत्र आणते, वरची पेटी त्यांची फाटाफूट करून ज्याची त्याला देते. पेटी दोन्ही ठिकाणी सारखीच, फक्त उलटी जोडलेली. चांगल्या पेटीत शंभरातली पाचएक भाग शक्ती खर्ची पडते. त्या बदल्यात एक संपूर्ण केबल वाचते.

या सोयीत एक खोच मात्र आहे. साडेचौदा कोटींची तिप्पट केली की नेमके साडेत्रेचाळीस कोटी होतात. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ सुराबरोबर वरचे सूरही निघतात, तसे प्रक्षेपकातून मूळ लहरीबरोबर तिच्या तिपटीची एक बारीक लहरही निसटते. ती नेमकी दुसऱ्या यंत्राच्या कानात शिरते. म्हणून चाळणी नीट हवी, नाही तर घरच्या घरीच एका यंत्राने दुसऱ्याला बहिरे केले असे होते.

भारताने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रह खास हौशी रेडिओसाठी सोडला. तो साडेत्रेचाळीस कोटींच्या पट्टीवर ऐके आणि त्याच क्षणी साडेचौदा कोटींच्या पट्टीवर तेच बोलून दाखवी. २०१४ पर्यंत तो चालला. त्याच्यामार्फत बोलणाऱ्याला एका पट्टीवर बोलत असताना दुसऱ्या पट्टीवर आकाशातून परतलेला स्वतःचा आवाज ऐकावा लागे, कारण त्यावरूनच आपण ठीक पोचतो आहोत की नाही हे समजे. इथे खटका पलटवायला सवडच नव्हती.

आणि आता सर्वांत कठीण प्रकार. डोंगरावर ठेवलेला 'रिपीटर', म्हणजे निरोप पुढे सांगणारे यंत्र. उंचीवरून या लहरी दूरवर जातात. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला आहे तो याचसाठी. खोऱ्यातला एखादा माणूस हातातल्या लहान यंत्रावर बोलतो. डोंगरापलीकडच्याला ते ऐकू जाणे शक्य नसते. माथ्यावरचा रिपीटर ते क्षीण बोलणे ऐकतो आणि त्याच क्षणी जोरात बोलून दाखवतो. एरियल एक, केबल एक, पट्टीही एकच. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या लहरीत फरक असतो तो बहुधा साडेचौदा कोटींमागे सहा लाखांचा. पेटीवरच्या, म्हणजे हार्मोनियमवरच्या, लगतच्या दोन स्वरांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. इथे अर्ध्या टक्क्याचेही नाही.

आणि दोन आवाजांच्या जोरातला फरक बघा. रिपीटर समजा २५ वॉटने बोलतो आहे. जो क्षीण संदेश त्याने ऐकायचा, त्याची शक्ती इतकी अल्प की त्या २५ वॉटशी तिचे प्रमाण काढायचे तर दोनशे कोटींना पुन्हा एका कोटीने गुणावे लागते. जत्रेत ढोल बडवणाऱ्याने, हात न थांबवता, मैदानापलीकडून मुंगी चालल्याचा आवाज ऐकावा, तशातला हा प्रकार. यासाठी जो डुप्लेक्सर वापरतात तो डबीएवढा नसतो. धातूच्या हातभर किंवा त्याहून उंच नळकांड्यांची ती रांग असते, पुष्कळदा सहांची. नळकांड्याच्या आतला दांडा लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, सुमारे ५२ सेंटिमीटर, लांब ठेवतात आणि स्क्रू फिरवून केसाएवढ्या फरकाने सुरात लावतात. तीन नळकांडी बोलण्याच्या वाटेवर, तीन ऐकण्याच्या वाटेवर. पहिली तीन प्रक्षेपकाच्या लहरीसोबत येणारी खरखर अडवतात. दुसरी तीन मोठ्या आवाजाला कानाशी येऊ देत नाहीत. दोहोंच्या मध्ये दहा कोटींत एक भाग एवढाच शिरकाव उरला, तर काम जमले असे मानतात. आपण खडे टांगून पाहिले तीच ही गोष्ट, फक्त दोरीच्या लांबीतला फरक नखाएवढा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? केबलीचे चार पैसे वाचवण्यासाठी? तारकंपन्यांच्या काळी ते खरे होते. पण आज याला दुसरे कारणही आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दळणवळण कोलमडले आणि हौशी रेडिओवाले मदतीला धावले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी भारती प्रसाद यांचा हौशी रेडिओचा चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. टेलिफोन बंद पडलेल्या त्या बेटांवरून त्यांनी आपल्या यंत्रावरून मुख्य भूमीशी संपर्क राखला आणि कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली कळली. अशा वेळी खांब एखादाच उभा राहतो, केबल एखादीच शाबूत असते. जे आहे त्यातून वाटून घेण्याची विद्या तेव्हा कामी येते.

आणि नीट सुरात न लावलेला डुप्लेक्सर असला तर काय होते? रिपीटर बंद पडत नाही. तो मोठ्याने बोलतच राहतो, साऱ्या तालुक्याला ऐकू जातो. पण बोलत असताना तो बहिरा होतो. जवळचा, जोरदार यंत्रवाला त्याला ऐकू येतो. पुराच्या पाण्यापलीकडे बॅटरी संपत आलेला माणूस मात्र त्याला ऐकू येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र ठीक चालले आहे असेच वाटते. नुकसान कोणाचे होते, तर ज्याचा आवाज सर्वांत क्षीण आहे त्याचे. म्हणून जाणकार हॅम रिपीटर किती दूर ऐकू जातो एवढे विचारून थांबत नाही. तो किती बारीक आवाज ऐकू शकतो, हे विचारतो.

आपल्याकडची तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. गिंटल आणि स्टर्न्स यांची नावे आता कोणाच्या तोंडी नाहीत. पण त्यांना पडलेला प्रश्न संपलेला नाही. खिशातल्या मोबाईलवर आपण एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो, तेव्हा पुष्कळ यंत्रांत तांदळाच्या दाण्याएवढी अशीच एक चाळणी काम करत असते. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थीसुद्धा हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा देऊ शकतो. एखाद्या शाळेत विज्ञानाची गोडी असलेली चार मुले असतील, तर शिक्षकांनी त्यांना ही वाट जरूर दाखवावी. सुरुवात एक दोरी आणि चार खडे यांनी करता येईल.